कार्डावरचे दोन कट्टे

“सिस्टर, या फाईलवरचं लाल स्टिकर कुठे गेलं?”

लता सिस्टरने फाईल उलटसुलट करून पाहिली. स्टिकरच्या जागी कमळात बसलेली लक्ष्मी होती. चकचकीत, सोनेरी काठाची. अगरबत्तीच्या पुड्यावरची असावी, कारण फाईलला वासही येत होता.

“मी नाही लावली मॅडम,” सिस्टर म्हणाली.

“मी लावली जी, बाहेर बाकावर बसल्या बसल्या,” समोर बसलेल्या अनुसयाबाई म्हणाल्या. त्या पेशंटच्या सासूबाई. पेशंट, म्हणजे वैशाली, त्यांच्या शेजारी बसून छताकडे पाहत होती. “तुमचं टिकल कुठी नाही गेलं. देवीच्या खाली झाकून हाय.”

“का झाकलं?”

“लाल रंग दुरून दिसते.”

“दुरून दिसावा म्हणूनच तो लाल आहे, अनुसयाबाई.”

“तेच तं म्हणून राहिली ना मी!”

रेवा, निहार, तुमची आजी बायकांची डॉक्टर होती एवढं तुम्हाला माहीत आहे. पण मी दिवसभर नेमकं काय करायचे ते तुम्ही कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ही गोष्ट मी रिटायर व्हायच्या आधीच्या वर्षाची आहे. साकोलीच्या बाजूला एका लहान हॉस्पिटलमध्ये मी होते. त्याचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीत जो मूर्खपणा झाला तो मी केला, हॉस्पिटलने नाही.

आमच्याकडे फाईलींना रंग होते. ती पद्धत माझीच. पिवळं स्टिकर म्हणजे रक्त कमी. निळं म्हणजे बीपी. लाल म्हणजे पोटात दोन बाळं. ड्युटीवर कोणीही असो, फाईल हातात घेतली की वाचायच्या आधी कळलं पाहिजे. वैशालीची फाईल लाल होती, म्हणजे असायला हवी होती.

जुळ्यांचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारात दोघांची चूल वेगळी असते. चूल म्हणजे प्लॅसेंटा, आपण तिला वार म्हणतो. आईकडून बाळाला सगळं तिच्यातूनच मिळतं. दुसऱ्या प्रकारात दोघांचं एकाच चुलीवर चालतं. हे बाराव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीत सर्वांत छान दिसतं. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे मिळतो तिथे जाडसर त्रिकोण दिसला तर चुली दोन. पडदा सरळ काटकोनात, इंग्रजी टीसारखा उभा दिसला तर चूल एक. पुढे पुढे ती खूण पुसट होते. म्हणून पहिल्या तपासणीला पाचव्या महिन्यात उगवणाऱ्या बायकांवर मी ओरडायचे. वैशाली वेळेवर आली होती आणि तिच्या पडद्यावर स्वच्छ टी होता.

एका चुलीवर घोळ असा की वाढणारं कोणी नसतं. कधी एकाच्या ताटात रक्त जास्त जातं आणि दुसरा उपाशी राहतो. ज्याला जास्त मिळतं त्याचंही भलं होत नाही, त्याचं हृदय थकतं. हे सुरू झालं की लवकर कळावं लागतं आणि मोठ्या सेंटरला पाठवावं लागतं. त्यासाठी सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. शिवाय आईचं बीपी, आईचं रक्त, आणि लवकर सुरू होणाऱ्या कळा. जुळ्यांना नऊ महिने नऊ दिवस मोजून राहायची सवय नसते.

अनुसयाबाईंबद्दल एक गोष्ट आधी सांगून टाकते. त्यांनी एकही तारीख चुकवली नाही. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाची लावणी चालू असते तेव्हा, आमची ओपीडी ओस पडायची. सगळ्या बायका बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असायच्या. त्या दिवसांतही अनुसयाबाई सानगडीच्या पलीकडच्या त्यांच्या गावाहून सुनेला घेऊन यायच्या. पायाच्या बोटांत चिखल, हातात कार्ड. लोहाच्या गोळ्या स्वतःच्या हाताने द्यायच्या आणि तोंड उघडून दाखवायला लावायच्या. अशी सासू मी माझ्या सगळ्या पेशंटांना वाटून दिली असती.

फक्त त्यांची एक अट होती. “दोन” हा शब्द उच्चारायचा नाही. कोणी “जुळे” म्हटलं की त्या इतक्या जोरात खोकायच्या की शेजारच्या बाकावरच्या बायका पदर नाकाला लावायच्या.

दुसरी अट नव्हती, पण प्रयत्न होता. एकदा सोनोग्राफी संपवून मी हात पुसत होते तेव्हा त्यांनी आवाज लहान केला.

“एकासारखे एक हायेत का जी?”

“हो. दोघांना एकेक डोकं आहे.”

“तसं नाही. मी म्हणतो, पेढे का जलेबी?”

मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की जिलबी वाटायची, अशी आपल्याकडची रीत. पोटात असताना हे सांगणं कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याची मोठी पाटी त्यांच्या डोक्यामागेच भिंतीवर होती.

“मला शुगर आहे, अनुसयाबाई. मी दोन्ही खात नाही.”

वैशाली टेबलावर झोपल्या झोपल्या इतकी हसली की मला पुन्हा जेल लावून उरलेला एक फोटो काढावा लागला.

आता लक्ष्मीकडे परत येऊ. फाईलवरचं स्टिकर झाकलं गेलं म्हणून माझं डोकं फिरलं होतंच. म्हटलं, सरकारी कार्ड दाखवा. हे माता-बालकाचं कार्ड गावची आशाताई भरून देते. माझी फाईल माझ्या कपाटात राहते. कार्ड बाईबरोबर फिरतं. मध्येच कळा सुरू झाल्या आणि बाई वाटेतल्या आरोग्य केंद्रात पोचली, तर तिथली नर्स ते कार्ड बघणार. माझी फाईल नाही.

कार्ड कोरं करकरीत होतं. तारखा नवीन अक्षरात. जुळ्यांचा पत्ता नाही.

“हे दुसरं कार्ड आहे. मी ज्यावर लिहिलं होतं ते कुठे आहे?”

“थे बैलानं खाल्लं,” अनुसयाबाई म्हणाल्या.

“कोणत्या बैलानं?”

“पांढऱ्या.”

“आपले तं दोनी तांबडे हायेत ना आत्याबाई,” वैशाली पहिल्यांदाच बोलली.

अनुसयाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुन्हा छत गाठलं.

मी सिस्टरला दार लावायला सांगितलं आणि त्या दोघींना एका इंजेक्शनबद्दल सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच फिरते. मूल बाहेर आलं की लगेच आईला एक इंजेक्शन देतात. त्याने गर्भाशय घट्ट आवळतं आणि रक्तस्राव कमी होतो. फार गुणाचं इंजेक्शन आहे. पण आत आणखी एक बाळ असेल, तर ते आवळणं त्या बाळाभोवती होतं. आतल्याचा ऑक्सिजन तुटतो. म्हणून जुळ्यांमध्ये ते दोघं बाहेर आल्यावरच द्यायचं.

“नर्सला माहीतच नसेल की आत अजून एक आहे, तर ती पहिल्यानंतर लगेच सुई टोचेल,” मी म्हणाले. “तिची चूक नसेल. पण तुमचं दुसरं बाळ जाईल. कळलं?”

अनुसयाबाई म्हणाल्या, “मॅडम, तुमी खळ्यावर माप घालताना पाहिलं का कधी?”

“नाही.”

“पहिलं माप टाकतो तवा आमी एक नाही म्हणत. लाभ म्हणतो. लाभ, मंग दोन, मंग तीन. धानाले एक म्हणाले भेतो आमी, अन् लेकराईले मोजू का गावासमोर?”

“गाव काय करणार आहे?”

“माह्या पोटी जावळे झाले होते.” जावळे म्हणजे जुळी. “सारं गाव पाहाले आलं. येईन थो बोट लावून मोजे. भास्कर राहिला. दुसरा चवथ्या दिवशी गेला.”

भास्कर म्हणजे वैशालीचा नवरा. वैशालीने मान वळवली. तिलाही हे माहीत नव्हतं.

चार दिवसांचं जुळं का गेलं असेल याची तीन कारणं मला बसल्या जागी सुचली होती आणि त्यांत नजर लागणं नव्हतं. पण इतक्या वर्षांपूर्वीच्या बाळाचं निदान आता करून कोणाचं भलं होणार होतं?

इथे शहाण्या डॉक्टरने काय करावं? कार्डावर ठळक अक्षरात “जुळे” लिहावं, सही करावी, आणि पुढचा पेशंट बोलवावा. मला मात्र गंमत सुचली. लक्षात ठेवा, कल्पना माझी होती. त्यात लता सिस्टरचा काही संबंध नव्हता. ती तेव्हाच नको म्हणाली होती.

“अनुसयाबाई, लेकरं मोजायची नाहीत. पण कट्टे मोजले तर चालतं ना?”

कट्टा म्हणजे धान भरलेलं पोतं.

“कट्टे तं मोजाच लागते! नाही मोजले तं राईस मिलवाला एक दाबून घेते.”

“मग मी कार्डावर लिहिते, दोन कट्टे. ज्यांना कळायला हवं त्यांना अर्थ सांगून ठेवते. गावातल्या कोणी वाचलं तर वाचू दे.”

त्यांचा चेहरा इतका उजळला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. “मोठ्या अक्षरानं लिवा जी. अन् ठसा मारा.”

मी लिहिलं: दोन कट्टे. खाली सही केली, माझा मोबाईल नंबर घातला आणि हॉस्पिटलचा गोल जांभळा ठसा मारला. लता सिस्टर शाईचा पॅड पुढे करताना माझ्याकडे पाहत नव्हती.

त्या सासू-सुनेशिवाय अर्थ तिघींना माहीत होता: मला, सिस्टरला, आणि त्यांच्या गावच्या आशाताईला, म्हणजे पुष्पाताईला. पुष्पाताई फोनवर मिनिटभर हसली आणि मग शपथेवर गुपित राखायला तयार झाली. बाळंतपण छत्तीस आठवडे झाल्यावर आमच्याकडेच करायचं ठरलं होतं. त्याआधी काही झालं तर पुष्पाताई सोबत येणार. योजना मला पक्की वाटत होती.

पुढचे दोन महिने बरे गेले. एक बाळ दुसऱ्यापेक्षा जरा बारीक होतं, पण दोघांभोवतीचं पाणी ठीक होतं, म्हणजे चुलीवर भांडण नव्हतं. चौतिसाव्या आठवड्याच्या आत एकदा बारीक कळा आल्या. ॲडमिट करून बाळांच्या फुफ्फुसांसाठीची इंजेक्शनं दिली. कळा थांबल्या. मी राहा म्हणत होते, आठवडाभर राहिल्या आणि मग अनुसयाबाई म्हणाल्या, “चुरणा सुरू हाय जी, घरी माणूस नाही.” चुरणा म्हणजे धानाची मळणी. मी रागाने डिस्चार्ज लिहिला आणि चार दिवसांनी परत या असं तीनदा बजावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला ओपीडीत असताना फोन आला.

“मॅडम, अँबुलन्सचा ड्रायव्हर बोलून राहिलो. कार्डावर तुमचा नंबर हाय म्हणून लावला. तुमी या आजीले समजावा ना जी.”

“कोणत्या आजीला?”

“पेशंटले कळा येऊन राहिल्या. पेशंट गाडीत बसली. अन् ही आजी म्हणते, दोन कट्टे हायेत, पाहून ने. इथं अंगणात शंभरेक कट्टे लागून हायेत! मी म्हटलं आजी, अँबुलन्स हाय, ट्रॅक्टर नोहे. तं म्हणते, कट्टे नाही नेशीन तं बाई कशी नेशीन गा?”

मागून अनुसयाबाईंचा आवाज आला. “मॅडमनं लिवून देल्लं म्हणा! ठसा हाय म्हणा!”

आणखी दोन-तीन बायकांचे आवाज होते. शेजारणी जमल्या असणार. म्हणजे अनुसयाबाईंना उघड बोलता येत नव्हतं आणि त्या आपल्या परीने ड्रायव्हरला सावध करत होत्या.

मी खुर्चीतून उठले. “भाऊ, कट्टे पोटात आहेत!”

“कट्टे पोटात?”

“म्हणजे जुळे! जुळे आहेत! आरोग्य केंद्रात गेलात तर आधी सांगा, हॅलो? हॅलो?”

फोन कटला होता. पुन्हा लावला, रेंजच्या बाहेर. त्याने “कट्टे पोटात” एवढंच ऐकलं होतं. नंतर तो मला म्हणाला, “मले वाटलं, मॅडमचंबी डोकं सरकलं.”

पुष्पाताईला फोन केला. तिने उचलला नाही. ती भंडाऱ्याला ट्रेनिंगला गेली होती आणि फोन सायलेंटवर होता. भास्कर ट्रॅक्टर घेऊन मिलवर. म्हणजे ज्या तिघींना अर्थ माहीत होता त्यांतल्या दोघी माझ्या केबिनमध्ये उभ्या होत्या आणि तिसरी ट्रेनिंगमध्ये वही लिहीत होती. वैशालीबरोबर फक्त अनुसयाबाई आणि माझं हस्ताक्षर.

लता सिस्टरने डिलिव्हरीचा ट्रे उचलला. आम्ही हॉस्पिटलच्या गाडीत बसलो. ती एक शब्द बोलली नाही. चांगल्या सिस्टर अशा वेळी बोलत नाहीत, तुमच्याकडे नुसतं बघतात.

रस्ता एकच होता. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या आणि ठिकठिकाणी तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग. अर्ध्या वाटेत आरोग्य केंद्राच्या अंगणात अँबुलन्स उभी दिसली. म्हणजे वैशालीची बाळं आमच्यापर्यंत यायला तयार नव्हती.

त्या दिवशी तिथे लसीकरण होतं. अंगणात पंधरा-वीस बायका, कडेवर पोरं, आणि त्यांत अनुसयाबाईंच्या गावच्या चौघी. मी गाडीतून उतरून गेटपाशी पोचते तोच लेबर रूमचं दार उघडलं. एका तरुण नर्सने डोकं बाहेर काढलं.

“आजी, बाळ झालं हो! चांगलं रडलं. बसा तुम्ही, इंजेक्शन देते अन् बोलावते.”

दारापाशीच अनुसयाबाई उभ्या होत्या. “अन् दुसरा कट्टा?”

“कट्टा राहू द्या आजी, कोणी नाही नेत.”

“राहू कसा देऊ वं? आत हाय ना थो!”

“आत कट्टा कोणी आणला? इन्फेक्शन होते ना! ड्रायव्हर भाऊ, कट्टे आत टाकले का तुम्ही?”

“मी नाही टाकले!” ड्रायव्हर अँबुलन्समधून ओरडला. “मी नाहीच म्हटलं होतं!”

“कार्ड पाहा ना बाई! कार्डावर लिवून हाय! ठसा हाय!”

“पाहिलं आजी. नंतर बोलू.” आणि नर्स दार लावायला लागली.

मी गेटपासून ओरडत होते. पण माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. व्हिडिओ कॉलवरसुद्धा तुम्ही “आजी, म्यूट आहेस का?” म्हणून विचारता. अंगणातली पोरं सुया खाऊन एका सुरात रडत होती. माझा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे गेला नाही.

अनुसयाबाईंना त्या क्षणी कळलं. इतके दिवस त्यांची समजूत अशी होती की मॅडमने लिहून ठसा मारला म्हणजे “दोन कट्टे” हा डॉक्टरी शब्द झाला. सगळ्या डॉक्टर-नर्सांना तो येत असणार. आम्ही लिहितो ते एरवीही त्यांना कुठे कळायचं? आता समोरची नर्स तो शब्द धानाचा समजत होती, आणि आत ट्रेमध्ये सुई भरलेली होती.

त्यांनी एकदा मागे पाहिलं. गावच्या चौघी त्यांच्याकडेच पाहत होत्या. अनुसयाबाईंनी दारात पाय घातला.

“दोन हायेत!” त्या ओरडल्या. “पोटात दोन लेकरं हायेत! एक निघालं, एक आत हाय! सुई नको देऊ! दोन हायेत वं, दोन!”

पोरं रडायची थांबली. लसीच्या रांगेतली एक म्हातारी बोटं मोजत शेजारणीला म्हणाली, “दोन, दोन, दोन, दोन. आठ का वं बाई?”

मी आत पोचले तेव्हा नर्सने सिरिंज बाजूला ठेवली होती आणि तिचा हात वैशालीच्या पोटावर होता. “हाय मॅडम,” ती म्हणाली. “आडवं हाय.” तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्यावर अन्याय नको म्हणून सांगते: एवढं मोठं पोट पाहून तिला शंका आली होती. तिने वैशालीला विचारलंही होतं, जुळे तर नाहीत ना? वैशाली ऐन कळेत म्हणाली, “आत्याबाईले पुसा.” तेवढ्यात पहिलं डोकं दिसायला लागलं आणि पुसायचं राहिलं. इंजेक्शनआधी पोट चाचपायचा नियमही तिला माहीत होता. कदाचित तिने चाचपलं असतं आणि सापडलं असतं. मीही असंच धरून चालते, कारण दुसऱ्या शक्यतेचा विचार मला आवडत नाही.

पहिलं बाळ बाहेर आलं की दुसऱ्याला एकदम जागा मिळते. भाऊ उठून गेल्यावर अख्ख्या खाटेवर लोळणाऱ्या पोरासारखं ते वाटेल तसं फिरतं. लता सिस्टरने पोटावर डॉप्लर लावला. बाळाचे ठोके चांगले होते. मी हात धुऊन, ग्लोव्हज घालून बाहेरून बाळाला हळूहळू वळवायला लागले. डोकं खाली यायला तयार नव्हतं, ढुंगण आलं. म्हटलं, तेही चालेल. वैशालीला म्हणाले, “आता मी सांगेन तेव्हाच जोर द्यायचा.”

“अन् आत्याबाई म्हणतीन तवा?”

“तेव्हा अजिबात नाही.”

एवढ्या कळांतही ती हसली. हसण्याने खरं तर जोरच लागतो, पण ते मी तिला सांगितलं नाही.

पंचवीस मिनिटांनी दुसरं बाळ आलं. ढुंगण आणि पाय आधी, मग अंग, मग हात, आणि शेवटी डोकं, जे येताना प्रत्येक डॉक्टरचा श्वास अडकतो. ते रडलं नाही. निळसर, ढिलं. सिस्टरने पुसून मास्क लावला आणि बॅग दाबायला लागली. खोलीत फक्त त्या बॅगेचा आवाज. बाहेर अनुसयाबाई गप्प होत्या. त्यांचं गप्प असणं दारातून ऐकू येत होतं. एक मिनिट म्हणजे फार लहान वेळ असं ज्यांना वाटतं त्यांनी ते मिनिट मोजून पाहावं.

मग ते बाळ चिडलं. आधी नाक आक्रसलं, मग एक बारीक, तक्रारीचा आवाज, मग चांगली बोंब. नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी पोट पुन्हा चाचपलं आणि म्हणाले, “आता द्या इंजेक्शन.”

पहिलं दोन किलोच्या थोडं वर, दुसरं थोडं खाली. दोन्ही मुली.

मी बाहेर येऊन सांगितलं. अनुसयाबाई अंगणातल्या बाकावर बसल्या होत्या आणि गावच्या चौघी त्यांना पाणी पाजत होत्या.

“जलेबी का?”

“जलेबी. दोन्ही.”

“मंग मले सांगाले का होत होतं? मी का टाकून देल्ल्या असत्या?”

“तुम्ही नसत्या टाकल्या.”

“मंग?”

“कायदा तुमच्यासाठी नाही, अनुसयाबाई. पण तुम्हाला सांगितलं तर दुसरीलाही सांगावं लागतं.”

हे त्यांना पटलं की नाही ते कळलं नाही, कारण तेवढ्यात लता सिस्टरने दुसरी पायाळू आहे म्हणून सांगितलं. पायाने जन्मलेल्या माणसाची लाथ कमरेवर बसली की भरलेली उसण उतरते, असा आपल्याकडे समज आहे. गावच्या चौघींपैकी एकीने तिथल्या तिथे नंबर लावला. “मोठी झाली का माह्या कमरीले पहिली लात मार म्हणा.” अनुसयाबाई म्हणाल्या, “आधी माही कंबर.”

मुली आठवडाभर नवजात कक्षात राहिल्या. धाकटीला ऊब लागत होती आणि दूध ओढायची शक्ती नव्हती. वैशालीने तिला वाटी-चमच्याने पाजलं. दोघी धडधाकट घरी गेल्या. सगळं गाव पाहायला आलं, आणि अनुसयाबाईंनी दारात कोणाला अडवलं नाही. काजळाची तीट मात्र एकेकीला तीन तीन ठिकाणी होती. त्याला माझी हरकत नव्हती. तीट रिपोर्टवर लावलेली नव्हती.

त्या दिवशी निघताना आरोग्य केंद्राच्या नर्सने रेफरची चिठ्ठी भरली. जुळं असल्याची माहिती कशी मिळाली, याची तिला नोंद करायची होती. सोनोग्राफीने, कार्डावरून, की तपासणीत? तिने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तिने लिहिलं: “सासूने, ओरडून.”

हॉस्पिटलमध्ये परतल्यावर मी एक नोटीस टाइप केली. फाईल, कार्ड, केसपेपर यांवर जे आहे ते सरळ शब्दांत लिहावे. पेशंटच्या नातेवाइकांच्या समजुती तोंडी बोलून सोडवाव्यात, लिहून नाही. चलाखी करायची झाल्यास ती ज्याचा जीव अवलंबून आहे त्याच्यापेक्षा दुसऱ्या कशावर तरी करावी.

लता सिस्टरने ती दोनदा वाचली.

“चांगली आहे मॅडम. पण ही लावायची कुठे? असं लिहिणारं आपल्याकडे तर एकच जण आहे.”

“माझ्याच टेबलाच्या समोर लाव,” मी म्हणाले.

तिने टेप आधीच कापून आणली होती.